खाणीच्या गावात कोणत्या वाटेने चालायचे?

दगडखाणीच्या जोरावर वसलेली आणि खाण थंडावल्यावर मागे उरलेली गावे आता पर्यटकांना बोलावू लागली आहेत. वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणी आणि त्यांच्याभोवतीचा सगळा प्रदेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हापासून अशा गावातून वाटाड्याबरोबर दोन-तीन तास पायी फिरताना काय पाहायचे आणि कशासाठी पाहायचे, हा प्रश्न चार हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. त्यावर चालणारा वाद मात्र मला फार उथळ वाटतो. एका बाजूचे म्हणणे असे की, खाण गेली, रोजगार गेला, तरुण गाव सोडून गेले, तेव्हा इतिहास दाखवून चार पैसे येत असतील तर त्यात वाईट काय? दुसरी बाजू म्हणते की, ज्या मातीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या झिजली तिथे छायाचित्रे काढत हिंडणे हा दुःखाचा बाजार आहे. फेरी असावी की नसावी एवढ्यावरच दोन्ही बाजू हातघाईवर येतात. पण फेरी कुठून निघते, कोणत्या गल्लीतून जाते, कुठे थांबते, काय वगळते आणि बोलतो कोण, हे कुणी विचारत नाही. माझे मत असे आहे की फेरी जरूर असावी, मात्र ती कामगाराच्या वाटेने निघावी. त्याच्या घराच्या दारापासून खाणीपर्यंत, खाणीपासून टाकाऊ दगडाच्या ढिगापर्यंत, दफनभूमीपर्यंत आणि पुन्हा घरापर्यंत. वाट बदलली की इतिहास बदलतो, आणि म्हणून वाटेचा प्रश्न हाच या वादातला खरा प्रश्न आहे.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून एकाच खाणीच्या दोन वाटा पाहू. वेल्समधील पेन्रिनची खाण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड पेनंट यांनी मोठी केली. त्यांच्या घराण्याचा पैसा जमैकातील उसाच्या मळ्यांतून आणि त्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या श्रमांतून आलेला होता. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली तेव्हा याच घराण्याच्या वारसाला ७६४ गुलाम गमावल्याबद्दल सरकारकडून भरपाई मिळाली. त्या ७६४ माणसांना काही मिळाले नाही. घराण्याने एकोणिसाव्या शतकात किल्ल्याच्या धाटणीचा अवाढव्य वाडा बांधला. १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरिया तिथे आली, आणि आपल्या खाणीची ऐट दाखवण्यासाठी घडवलेला, सुमारे एक टन वजनाचा पाटीच्या दगडाचा पलंग आजही तिथे पाहायला मिळतो. या वाड्यापासून सुरू होणारी फेरी कितीही प्रामाणिकपणे सांगितली तरी ती मालकाच्या नजरेने सुरू होते. खाण हा त्या कथेतला पैशाचा झरा ठरतो आणि कामगार ही मागची गर्दी.

आता तीच कथा काही मैलांवरच्या बेथेस्डा गावाच्या मुख्य रस्त्यावरून सुरू करून पाहा. या गावाचे नावच एका प्रार्थनामंदिरावरून पडलेले. रस्त्यावर एक गोष्ट लगेच लक्षात येते: जुन्या दारूगुत्त्यांची रांग रस्त्याच्या एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूची जमीन पेन्रिन इस्टेटीची होती आणि तिथे गुत्त्याला परवानगी नव्हती. मालकाची सत्ता कुठे सुरू होत होती, हे समजायला यापेक्षा स्पष्ट नकाशा कोणता हवा? याच रस्त्यामागच्या घरांच्या रांगांत नोव्हेंबर १९०० पासून नोव्हेंबर १९०३ पर्यंत, म्हणजे तीन वर्षे, ब्रिटनच्या कामगार इतिहासातला एक अत्यंत दीर्घ संप चालला. सुमारे २,८०० माणसे खाणीबाहेर पडली. संघटनेची वर्गणी खाणीत गोळा करण्याचा हक्क आणि कामगारांच्या टोळ्यांना उक्ते काम देण्याची जुनी पद्धत मोडून ठेकेदार आणण्याचे धोरण, हे वादाचे मुद्दे होते. १९०१ च्या जूनमध्ये खाण पुन्हा उघडली, काही शे माणसे कामावर परतली, आणि परतणाऱ्या प्रत्येकाला सोन्याचे एकेक नाणे देण्यात आले. त्यानंतर गावातल्या खिडक्याखिडक्यांतून वेल्श भाषेत छापलेली कार्डे दिसू लागली: ‘या घरात गद्दार नाही.’ ही खिडकी वाड्यावरून दिसत नाही. तिथे पोहोचायला त्या गल्लीतूनच चालत जावे लागते.

सौंदर्याच्या प्रश्नालाही हीच कसोटी लावता येते. ब्लायनाय फेस्टिनिऑग हे पाटीच्या दगडाचे दुसरे मोठे गाव. १९५१ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना हे गाव, चारी बाजूंनी उद्यानाने वेढलेले असूनही, मुद्दाम वगळण्यात आले, कारण घरांच्या डोक्यावर उभे असलेले राखाडी दगडाचे ढीग निसर्गसौंदर्याच्या व्याख्येत बसत नव्हते. नकाशावर उद्यानाच्या मध्यभागी एक भोक राहिले आणि त्या भोकात माणसे राहत होती. सत्तर वर्षांनी, २०२१ मध्ये, तेच ढीग मानवजातीचा वारसा म्हणून मान्य झाले. या सत्तर वर्षांत तिथला दगड बदलला होता का? पाहणारा बदलला होता. म्हणून ‘अशा भकास गावात पाहण्यासारखे काय आहे’ असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, पाहण्यासारखे काय आहे हे ठरवण्याचा अधिकार आजवर गावाबाहेरच्यांनीच बजावला आहे, आणि त्यांचे मत त्यांच्याच हयातीत उलटे झाले आहे. ढीग म्हणजे काही गावाच्या कडेला टाकलेली अडगळ नाही. छपराला लागणारी एक टन चांगली पाटी मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे दहा टन किंवा त्याहूनही अधिक दगड टाकून द्यावा लागे. वेरूळच्या कैलास लेण्यासमोर आपण उभे राहतो तेव्हा उरलेल्या दगडाकडे पाहून थक्क होतो. काढून टाकलेला दगड कुठे गेला हा प्रश्न क्वचितच मनात येतो. खाणीच्या गावात तो काढलेला दगड अंगावर येईल इतका समोर असतो. ज्या फेरीला ढीग ओलांडायची लाज वाटते, ती फेरी कामाचा दहा-अकरांश भाग न दाखवताच परतते.

आता विरोधी बाजूकडे वळतो, कारण तिचे काही मुद्दे खरोखरच वजनदार आहेत. पहिला मुद्दा नजरेचा. खाणीतले कष्ट हा तमाशा होऊ शकतो, ही भीती काल्पनिक नाही; असे प्रत्यक्ष घडलेले आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड या दगडाच्या प्रदेशात, जिथला दगड लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला लागला, १८४८ मध्ये कैद्यांची वसाहत उघडण्यात आली. बंदराच्या लाटारोधक भिंतीसाठी लागणारा दगड हे कैदी काढत. त्यांना दगड फोडताना पाहायला इतकी माणसे येऊ लागली की आसपासच्या काही घरमालकांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत उपाहारगृहे थाटली. समोर चहा आणि खिडकीखाली घण मारणारी बेड्यांतली माणसे. खाणपर्यटन ही काही आजची कल्पना नाही, आणि तिची सुरुवात लाजिरवाणी आहे, हे मान्यच केले पाहिजे. त्याहून जुने आणि उलट टोकाचे उदाहरण सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराचे आहे. इ. स. पूर्व ४१३ मध्ये अथेन्सच्या सैन्याचा तिथे पराभव झाला तेव्हा किमान सात हजार कैदी दगडखाणींत कोंडले गेले. त्यांना आठ महिने रोज पेलाभर पाणी आणि दोन पेले धान्य दिले जात असल्याचे ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझने लिहून ठेवले आहे. त्या खाणींत आज लिंबूवर्गीय झाडांची सुंदर बाग आहे, आणि खडकातल्या एका उंच गुहेत आवाज कसा घुमतो हे पाहण्यासाठी लोक टाळ्या वाजवतात. पोर्टलंडला यातना समोर होती आणि लोक तिच्याकडे टक लावून बघत होते. सिराक्यूजला ती हिरवाईखाली गेली आहे.

पण या दोन उदाहरणांवरून फेरीच नको, असा निष्कर्ष निघतो का? मला तसे वाटत नाही. पोर्टलंडच्या खिडकीत बसलेला माणूस उंचावर होता, स्थिर होता, आणि खालच्या माणसाला त्याच्याशी बोलण्याची मुभा नव्हती. दोष बघण्याचा नव्हता, या मांडणीचा होता. ज्यांच्याकडे बघितले जाते त्यांनाच बोलता आले तर काय होते, हे दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन या तुरुंगाच्या बेटावर दिसते. तिथल्या चुनखडीच्या खाणीत नेल्सन मंडेला आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे राबले. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हाने मंडेलांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. १९९५ मध्ये हे माजी कैदी पुन्हा तिथे जमले, तेव्हा खाणीच्या तोंडाशी एकेक दगड ठेवत त्यांनी एक लहानसा ढीग रचला. तो अजून तिथेच आहे. बेटावरचा तुरुंग दाखवण्याचे काम अनेक वर्षे स्वतः कैदेत राहिलेल्या माणसांनी केले. त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला पोर्टलंडच्या खिडकीतल्या माणसासारखे निर्धास्त बसता येत नाही, कारण समोरचा माणूस प्रश्न विचारू शकतो, आणि नको त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाकारूही शकतो.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुधा गावातूनच येतो. आमच्या आजोबा-पणजोबांना केवळ पीडित म्हणून दाखवू नका, असे तिथली माणसे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के योग्य आहे. धूळ, अपघात आणि उपासमार यांचीच यादी वाचणारा वाटाड्या मालकाइतकाच अन्याय करतो. मालकाने कामगाराला हात समजले, हा त्याला जखम समजतो. पाटी चिरणे हे अत्यंत बारकाईचे कसब आहे. खाणीतून निघालेल्या दगडात ओल आहे तोवरच त्याचे पापुद्रे नीट सुटतात, दगड वाळला की हट्टी होतो. म्हणून कारागीर गुडघ्याशी टेकवलेल्या लादीवर रुंद पात्याची छिन्नी ठेवून, लाकडी मोगरीचा हलका ठोका देऊन, तिचे दोन, मग त्यांचे पुन्हा दोन असे भाग पाडत जातो. पाचर कुठे मारायची, सुरुंगाचे भोक कोणत्या शिरेवर पाडायचे, कड्यावर दोराला मांडीचा वेढा देऊन लटकताना पाय कुठे टेकवायचे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. शिवाय कामगार चार-सहा जणांच्या टोळीने दर महिन्याला मुकादमाशी घासाघीस करून कड्याचा एक तुकडा उक्ता घेत. ती घासाघीस अनेकदा अन्यायाची असे, तरीही तिच्यामुळे ते स्वतःला केवळ मजूर मानत नव्हते. दुपारच्या सुट्टीत ज्या झोपडीवजा खोलीत ही माणसे जेवत, तिला ती ‘कॅबन’ म्हणत. तिथे सभापती निवडून वादविवाद होत, कविता आणि गाण्यांच्या स्पर्धा होत, राजकारणाचा कीस पडे. १८८४ मध्ये बांगोरला विद्यापीठ महाविद्यालय उभे राहिले, त्याच्या निधीत खाणकामगारांच्या मजुरीतून आलेली वर्गणी आहे. मग प्रश्न असा की, हे सगळे कोणत्या वाटेवर भेटते? वाड्यात आणि निरीक्षण-मनोऱ्यावर नक्कीच नाही. कसबाचा अभिमान चिरकामाच्या पडवीत आहे, विद्येची भूक कॅबनच्या बाकावर आहे. म्हणजे अभिमानाची मागणी आणि मी सुचवतो ती वाट यांत विरोध उरत नाही.

तरीही अभिमानाच्या नावाखाली धूळ झाकली जाऊ नये, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. दगड कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे इतके सूक्ष्म कण असतात की ते फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण त्यांचा नाश करू शकत नाहीत, स्वतःच मरतात, आणि त्या जागी व्रणासारखी कडक ऊती साठत जाते. खाणीचे काम सोडले तरी हे थांबेलच असे नाही, आणि क्षयाला वाट मोकळी होते ती वेगळीच. वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मालकांच्या पदरी असलेल्या डॉक्टरांनी कामगारांच्या ढासळत्या प्रकृतीचे खापर, तासनतास उकळत ठेवलेल्या काळ्या चहावर फोडले. पाटीच्या दगडाची धूळ निरुपद्रवी आहे असे सांगणारे डॉक्टर तर पुढेही निघत राहिले. वेल्समधलीच, दिनॉर्विकची पाटीच्या दगडाची प्रचंड खाण १९६९ मध्ये बंद पडली, आणि मालक कंपन्या उरल्या नाहीत अशा आजारी कामगारांना भरपाई मिळण्याची सोय ब्रिटिश संसदेच्या कायद्याने झाली ती १९७९ मध्ये. ज्यांची छाती त्याआधीच बंद पडली, त्यांच्यासाठी या तारखेला काय अर्थ?

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील बॅरी या ग्रॅनाइटच्या गावाने याबाबतीत काही वेगळे करून दाखवले आहे. इटलीतील काराराच्या संगमरवरी खाणींतून कसबी पाथरवट तिथे आले, सोबत आपली गाणी आणि समाजवादी-अराज्यवादी राजकारणही घेऊन आले. हवेच्या दाबावर चालणारी अवजारे आली तसे काम वेगाने होऊ लागले आणि धूळ बारीक झाली. कडाक्याच्या थंडीमुळे कामाच्या शेड चारी बाजूंनी बंद असत, त्यामुळे ती धूळ आतच राही. कारागीर चाळिशी-पन्नाशीत मरू लागले. तिथल्या होप सिमेट्री या १८९५ मधल्या दफनभूमीत बॅरीच्याच राखाडी ग्रॅनाइटमध्ये घडवलेली थडगी आहेत, आणि त्यांपैकी कितीतरी थडगी मरणारांच्या सहकाऱ्यांनी, काही तर स्वतः मरणारांनी आधीच कोरून ठेवलेली. १९३७ मध्ये सिलिकोसिसने, म्हणजे याच धुळीच्या आजाराने, गेलेल्या लुई ब्रुसा यांच्या थडग्यावर खुर्चीत कोसळलेला एक पुरुष आहे आणि त्याला सावरून धरलेली बाई. लोक ही दफनभूमी पाहायला दुरून येतात. धुळीची कथा ऐकायला कोण येईल, असे विचारणाऱ्या पर्यटन-व्यावसायिकांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. पण बॅरीची खरी शिकवण आणखी पुढे आहे. तिथे तीसच्या दशकाच्या अखेरीस धूळ खेचून घेणारी यंत्रे बसली आणि नव्याने कामाला लागलेल्यांमधला हा आजार झपाट्याने ओसरला. म्हणजे दगडाच्या कामाला मृत्यू चिकटलेलाच असतो, ही समजूत खोटी होती. यंत्र बसवायचे की नाही हा निर्णय होता, तो कुणीतरी लांबवला होता, आणि लांबलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत त्या दफनभूमीत मोजता येते. कामगाराच्या वाटेने चालणाऱ्या फेरीत हे सहज सांगता येते, कारण शेड आणि थडगे यांच्यातले अंतर पाहुण्याने स्वतःच्या पायांनी कापलेले असते.

सुरक्षिततेचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. जुन्या खाणीचे कडे सुटतात, खड्ड्यांत साठलेले पाणी फसवे खोल आणि थंडगार असते, ढीग सरकतात. खाणीच्या कचऱ्याचा ढीग काय करू शकतो हे वेल्समधीलच आबेरवान या कोळशाच्या गावाने २१ ऑक्टोबर १९६६ रोजी पाहिले. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले होती. तेव्हा जिथे धोका आहे तिथे वाट वळवावी, कठडा घालावा, काही ठिकाणे दुरूनच दाखवावीत. मात्र वाट वळवताना ती का वळवली हेही सांगावे. धोका ही त्या कामाचीच माहिती आहे.

पैशाचा आणि घरांचा आक्षेप मात्र इतक्या लवकर सुटणारा नाही. पर्यटन आले की घरे सुट्टीतल्या मुक्कामासाठी विकली जातात, भाडी वाढतात, आणि ज्यांच्या पणजोबांनी गाव उभे केले त्यांनाच गावात राहणे परवडत नाही. वेल्समध्ये घरांच्या प्रश्नाबरोबर भाषेचाही प्रश्न येतो, कारण या खाणी वेल्श बोलणाऱ्यांच्या होत्या. दगडाच्या जातींना, कड्याच्या पायऱ्यांना, अवजारांना वेल्श नावे आहेत, आणि ती नावे वापरणारी वस्ती पांगली की ती फक्त फलकांवर उरतात. हा धोका मी नाकारत नाही. पण त्याचे खापर पायी फेरीवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. पेन्रिनच्याच खाणीवरून आज तारेला लटकून सुसाट वेगाने जाण्याचा खेळ चालतो. खाली निळसर पाण्याने भरलेला प्रचंड खड्डा दिसतो आणि तो खड्डा कुणी खणला हे कळायच्या आत माणूस पलीकडे पोहोचतो. त्या खेळाने रोजगार मिळतो हे खरे, आणि तो मिळू नये असे मी म्हणणार नाही. परंतु गावाला केवळ पार्श्वभूमी बनवणारे पर्यटन कोणते आणि गावात थांबून त्याचे ऐकायला लावणारे कोणते, यांत फरक करायला हवा. चालणाऱ्याला गावाचा रस्ता लागतो, त्याचे लोक लागतात, त्याची भाषा कानावर पडते. फेरीचे पैसे आणि वाटाड्यांची निवड गावाच्या हाती असेल, आणि वाटेवरची नावे स्थानिक भाषेत उच्चारली जातील, तर भाषेला ऐकणारे कान तरी मिळतील. घरांच्या किमती रोखणे हे फेरीचे काम नाही. ते कर आणि घरबांधणीच्या धोरणाचे काम आहे, आणि तिथे सरकारांनी केलेल्या चालढकलीची शिक्षा इतिहासाला देऊ नये.

एक आक्षेप मात्र दोन्ही बाजूंकडून सहसा येतच नाही, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. ऐतिहासिक खाणीची फेरी पाहुण्याच्या मनावर नकळत असे बिंबवते की हे सगळे होऊन गेले. काराराला पूर्वी संगमरवराचे प्रचंड ठोकळे लाकडी घसरगाडीवर बांधून, साबण फासलेल्या ओंडक्यांवरून उतारावर सोडत. दोर सैल सोडणाऱ्या माणसाची एक चूक म्हणजे पुढच्यांचा मृत्यू. हे काम आता प्रात्यक्षिक म्हणून करून दाखवतात आणि लोक श्वास रोखून पाहतात. पण त्याच डोंगरांत खाणी आजही चालू आहेत, आणि निघणाऱ्या दगडाचा फार मोठा भाग पुतळ्यांसाठी जात नाही. त्याचा चुरा होऊन कागदात, रंगात आणि दातांच्या पेस्टमध्ये जातो. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींतली माणसे आज, या क्षणी, तीच धूळ आत घेत आहेत. २०१९ मध्ये त्या राज्याला धुळीने होणाऱ्या फुफ्फुसविकारांसाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले, यावरून दुखण्याचा पसारा कळावा. राजस्थानचा हा दगड युरोपातल्या अंगणांत आणि पदपथांवरही बसवला जातो. म्हणजे जिथली खाण वारसा झाली, त्याच देशातल्या पदपथावर दुसऱ्या देशातल्या चालू खाणीचा दगड असू शकतो, आणि वारसा-फेरीला आलेला पाहुणा त्यावरूनच चालत येतो. बॅरीने तीसच्या दशकात सोडवलेला प्रश्न दुसरीकडे २०१९ मध्येही धोरणाच्या पातळीवर असेल, तर ‘ऐतिहासिक’ या शब्दाने आपण नेमके काय झाकतो? कामगाराच्या वाटेने जाणाऱ्या फेरीने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो विचारायला पायाखालच्या लादीपेक्षा चांगली जागा नाही.

उरला प्रश्न बोलणाऱ्याचा. ‘गावाने सांगावे’ असे म्हणणे सोपे आहे, पण गाव एकमुखी असते कुठे? ऑस्ट्रियातील गुसेन इथे नाझी राजवटीत छळछावणीच्या कैद्यांना ग्रॅनाइटच्या खाणींत मरेपर्यंत राबवले गेले. युद्धानंतर छावणीच्या जमिनीचे भूखंड पडले, त्यांवर घरे उठली, बागा झाल्या. २००७ पासून तिथे कानाला ध्वनियंत्र लावून एकट्याने चालायची एक वाट आहे. पाहुणा साध्यासुध्या कुंपणांजवळून जात असतो आणि कानात वाचलेल्या कैद्यांचे आवाज असतात, स्थानिक रहिवाशांचे असतात, आणि अत्याचार करणाऱ्या बाजूच्या माणसांचेही असतात. कुणा एकाला गावाचा प्रवक्ता नेमलेले नाही. बेथेस्डालाही हीच अडचण आहे. संप मोडून कामावर परतलेल्या माणसांसाठी मालकाने शेजारच्या ट्रेगार्थ गावात घरे बांधली, आणि त्या घरांना चिकटलेली गद्दारीची नावे पुढच्या पिढ्यांनाही चुकली नाहीत. तीन हिवाळे मजुरीविना काढलेल्या घरातल्या मुलांची आणि सोन्याचे नाणे घेऊन परतलेल्या बापाच्या मुलांची नातवंडे आज एकाच दुकानात भेटतात. फेरी जर फक्त कार्ड लावलेल्या खिडकीशी थांबली, तर ती संपकऱ्यांची बाजू सांगते, आणि माझी सहानुभूती पूर्णपणे त्याच बाजूला आहे. पण ज्याच्या घरी आजारी मूल होते आणि ज्याने एका सकाळी मान खाली घालून खाणीचा रस्ता धरला, तोही त्याच रस्त्याने गेला होता. त्याची वाटही फेरीत असली पाहिजे, म्हणून मैल-दोन मैल अधिक चालून ट्रेगार्थच्या त्या घरांपर्यंत जावे, आणि तिथे बोलायला त्याच घरांतले कुणी तयार असेल तर त्याला बोलू द्यावे.